गाडी स्लोवर टिकत नाही? आधी स्लोचा व्हॉल्व्ह साफ करा, स्क्रूला हात लावू नका

मे महिन्याची दुपार, जळगावचा पारा ४४ च्या वर, एसी चालू, मागे आई आणि दोन पोरं, आणि आकाशवाणी चौकात क्लच दाबला की गाडी बंद. सेल मारला, चालू झाली, रेसवरून पाय उचलला की परत बंद. मागे भुसावळकडे निघालेला केळीचा ट्रक, त्याने हॉर्नवरचा हात काढलाच नाही. शेवटी डाव्या पायाने क्लच, उजव्या पायाच्या टाचेने ब्रेक आणि पंज्याने रेस अशी सर्कस करत गाडी घरी आणली. ज्याची गाडी स्लोवर, म्हणजे रेसला पाय न लावता नुसती उभी चालू, टिकत नाही त्याला ही सर्कस माहिती असते.

माझी गाडी २००९ ची, पेट्रोल, तीन सिलेंडर, वायरने ओढायचं थ्रॉटल, म्हणजे इंजिनच्या हवेचा दरवाजा. तीन सिलेंडर म्हणजे थोडी थरथर तिच्या स्वभावातच आहे, तिला मी कधी आजार म्हटलं नाही. पण ही थरथर वेगळी होती, आवाज वर जायचा खाली यायचा, वर जायचा खाली यायचा, झोपलेल्या माणसाचं घोरणं असतं ना तसं. एसीचं बटण दाबलं की एक गचका आणि सन्नाटा.

आता आधी माझी चूक सांगतो कारण तीच बहुतेक सगळे करतात. एका गॅरेजवाल्याने बोनट उघडून थ्रॉटलजवळचा एक बारका स्क्रू पाव आटा फिरवला, आवाज वाढला, म्हणाला झाली स्लो सेट, शंभर रुपये द्या. चार दिवस बरं वाटलं. मग सकाळी थंड गाडी नीट आणि गरम झाली की विनाकारण घूंऽऽ करत उभी, सिग्नलला शेजारचा रिक्षावाला बघायचा की हा रेस कोणावर काढतोय. एसी लावला की तरी बंद पडायचीच. दुसऱ्याने प्लग बदलले, फरक शून्य. तिसरा म्हणाला पूर्ण थ्रॉटल बॉडी बदलावी लागेल आणि जो आकडा सांगितला तो ऐकून मी म्हटलं भाऊ, घरी विचारून सांगतो. मग मात्र स्वतःच बसलो त्याच्यामागे.

स्लोवर इंजिन चालतं कसं हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं काम सोपंय. रेसवरून पाय काढला की थ्रॉटलची पितळी चकती जवळपास पूर्ण बंद होते, म्हणजे हवेचा मुख्य दरवाजा बंद. पण इंजिनला श्वास तर घ्यायचाच आहे. म्हणून त्या दरवाज्याला वळसा घालून एक छोटी बोळ काढलेली असते आणि त्या बोळीच्या तोंडावर एक टोकदार खुंटी बसवलेली असते, ती मागेपुढे सरकते. खुंटी मागे गेली की हवा जास्त, पुढे आली की कमी. ती सरकवते एक छोटी स्टेपर मोटर आणि मोटरला हुकूम देतो ईसीएम, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर. इंजिन थंड आहे का, एसी चालू झाला का, आरपीएम, म्हणजे इंजिनचे मिनिटाचे फेरे, पडतोय का हे बघून तो खुंटी चार पावलं मागे, दोन पावलं पुढे असं करत बसतो. ही खुंटी आणि मोटरची जोडी म्हणजेच स्लोचा व्हॉल्व्ह, त्याला कोणी आयएसी म्हणतं, कोणी आयएससी, कोणी नुसतं स्लोची मोटर. दुकानात कुठलंही नाव घेतलं तरी कळतं.

आता त्या बोळीत काजळी बसली की खुंटी कितीही मागे जाऊ दे, हवा जायला जागाच नाही. एसीचा कॉम्प्रेसर लागला की इंजिनवर बोजा येतो, ईसीएम म्हणतो हवा वाढव, खुंटी सरकते, हवा काही वाढत नाही, गाडी बंद. आणि तो स्क्रू जो फिरवतात ना, तो स्लोचा स्क्रू नाहीच हो, तो चकती कुठपर्यंत बंद व्हावी त्याचा स्टॉप आहे, कंपनीतून सेट होऊन आलेला. तो फिरवला म्हणजे मुख्य दरवाजा कायमचा किलकिला करून ठेवला, खुंटीची बोळ तशीच तुंबलेली. कार्बोरेटरच्या जमान्यातला हात आहे तो, तेव्हा खरंच स्क्रूने स्लो सेट व्हायची. इंजेक्शनच्या गाडीत त्याने आजार झाकला जातो आणि नंतर शोधायला दुप्पट त्रास.

पण व्हॉल्व्ह खोलायच्या आधी तोच दोषी आहे का ते बघा, उगाच बिचाऱ्याला खोलू नका. गाडी गरम करून उभ्या उभ्या हलकी रेस धरा, अंदाजे दीड हजार आरपीएम. माझ्या गाडीला आरपीएम मीटर नाही, मी कानावर धरतो. तिथे इंजिन गुळगुळीत चालत असेल आणि पाय सोडला की लगेच नाटकं सुरू होत असतील तर स्लोच्या हवेचा प्रॉब्लेम असायचा चान्स मोठा. रेस धरूनही फट फट करत मिसिंग येत असेल, चढावर गचके देत असेल तर प्लग, कॉइल, इंजेक्टर तिकडे बघा, या लेखाने तुमचं काम होणार नाही. दुसरं, व्हॅक्यूमचे रबरी पाइप. आपल्याकडच्या उन्हात रबर वाळून पापडासारखं होतं, वाकवून बघितलं की बारीक चिरा दिसतात. चालू इंजिनला कान देऊन कुठे सूंऽऽ असा आवाज येतो का ऐका. पिचकारीने संशयाच्या जागी थोडं साधं पाणी मारा, क्षणभर आवाज बदलला तर तिथे गळती आहे. पाणीच मारा, पेट्रोल किंवा स्प्रे गरम इंजिनवर मारायची हुशारी नको आणि वायरिंगच्या जोडांवर पाणीही नको. नव्या गाड्यांत स्कॅनर, म्हणजे ईसीएममधले बिघाडाचे कोड वाचायचं यंत्र, लावता आला तर पी०५०५ हा स्लो कंट्रोलचा सरळ कोड, पी०५०६ म्हणजे आरपीएम पाहिजे त्यापेक्षा कमी, पी०५०७ म्हणजे जास्त. कोड आला म्हणजे पार्ट खराब असं नाही, कोड फक्त बोट दाखवतो.

हे सगळं बघून झालं, आता काम. लागतं काय तर दहाचा पाना, मजबूत प्लस पेचकस जो स्क्रूच्या डोक्यात घट्ट बसेल, कार्ब क्लीनर किंवा थ्रॉटल बॉडी क्लीनरचा स्प्रे, जुना टूथब्रश, कानातले कापसाचे बड, धागे न सुटणारं सुती फडकं, हातमोजे आणि चष्मा. स्प्रे अडीचशे-तीनशेच्या आसपास मिळतो आणि तीनचार वेळा पुरतो. तो उन्हाळ्यात गाडीत ठेवू नका, बंद गाडी आपल्याकडे दुपारी भट्टी होते आणि डबा प्रेशरचा असतो. आणि पेट्रोलमध्ये बुडवून साफ करायचा सल्ला सगळे देतील, मी नाही देणार. आगीची भीती वेगळी, आणि पेट्रोल मोटरच्या आत शिरलं की व्हॉल्व्ह गेला.

मी सकाळी सहाला सुरुवात केली, इंजिन रात्रभर थंड झालेलं आणि ऊनही नाही. धुळ्याकडचे मामा मुक्कामाला होते, चहाचा कप घेऊन येऊन उभे, "काय करी राहिना भो? मिस्तरीकडे लई जाय ना, कसाले हात काया करस?" म्हटलं मामा, मिस्तरीकडे तीनदा जाऊन आली ती.

पहिलं बॅटरीचं निगेटिव्ह काढा. याची दोन कारणं, एक शॉर्ट होऊ नये आणि दुसरं ईसीएमने स्लोबद्दल जे शिकून ठेवलंय ते बऱ्याच गाड्यांत पुसलं जातं, ते आपल्याला पाहिजेच आहे. म्युझिक सिस्टीमला कोड असेल तर तो आधी शोधून ठेवा, नाहीतर गाडी नीट आणि गाणी बंद. मग एअर फिल्टरकडून थ्रॉटलला येणारा जाड रबरी पाइप, त्याचा क्लॅम्प ढिला करून बाजूला घ्या. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा, आत्ता वाटतं लक्षात राहील, राहत नाही. उघड्या थ्रॉटलच्या तोंडात काही पडू देऊ नका, पडलं तर ते सरळ इंजिनच्या पोटात जातं. मी आधी खिशातला पेन काढून ठेवला, तुम्हीही ठेवा.

थ्रॉटल बॉडीच्या अंगाला दोन वस्तू चिकटलेल्या दिसतील. एक थ्रॉटल पोझिशन सेन्सर, तो चकतीच्या दांड्याच्या टोकाला असतो, त्याला अजिबात हात लावायचा नाही, तो जरा फिरला तरी नवीन दुखणं. दुसरी आपली स्लोची मोटर, छोटी डबीसारखी, बहुतेक दोन स्क्रूवर. कनेक्टरची कुची, म्हणजे लॉकची पट्टी, दाबून काढा, वायर धरून ओढू नका, उन्हाने प्लास्टिक इतकं कडक होतं की कुची कटकन तुटते.

खरी लढाई त्या दोन स्क्रूंशी. अॅल्युमिनियममध्ये लोखंडी स्क्रू, पंधरा वर्षांत कोणी खोललेला नाही, तो हटून बसतो. घाई केली की डोकं गोल होतं आणि मग खराद्याकडे जायची पाळी. थोडा डब्ल्यूडी-४०, म्हणजे गंजलेलं सोडवायचा स्प्रे, मारून अर्धा तास सोडून द्या, चहा घ्या. मग पेचकस घट्ट बसवून मागून हातोडीचे दोन हलके टोले द्या, आणि दाब खाली जास्त, पिळणं कमी असं करत सोडवा. माझा एक सुटला, दुसऱ्याने पाऊण तास घेतला, मामा तोवर आंघोळ करून आले.

व्हॉल्व्ह बाहेर आला आणि टोकाला काळं, तेलकट, चिकट, काजळीच्या डबीत तेल ओतल्यासारखं. बोळीत बघितलं तर तिचं तोंड निम्मं बुजलेलं. तेव्हाच कळलं की प्लगवाला आणि स्क्रूवाला दोघांनी इथे बघितलंच नव्हतं.

इथून पुढे हात हळू. खुंटी बोटाने दाबायची नाही, ओढायची नाही, फिरवायची नाही. ती आतल्या बारीक आट्यांवर चालते आणि जबरदस्ती केली की आटे झिजतात, मग साफ असूनही निकामी. व्हॉल्व्ह धरताना खुंटीचं टोक जमिनीकडे आणि मोटर वर, म्हणजे स्प्रे ओघळला तरी खाली पडेल, मोटरमध्ये शिरणार नाही. थोडा स्प्रे, ब्रशने हलकं घासणं, परत थोडा स्प्रे, पुसणं. एकदम भिजवून ठेवायचं नाही. चाकू, सॅंडपेपर, लोखंडी ब्रश नको, खुंटीला ओरखडा पडला की ती तोंड नीट बंद करणार नाही. स्प्रिंग दिसत असेल तर तिच्यातली काजळी बडने काढा. ओ-रिंग, म्हणजे व्हॉल्व्हची रबरी कडी, काढून बघा, चपटी किंवा कडक झाली असेल तर नवी घाला, किरकोळ वस्तू आहे पण तिथून हवा चोरली गेली की सगळी मेहनत पाण्यात.

मग ती बोळ आणि खुंटी जिथे टेकते ती जागा. बडला स्प्रे लावून आत फिरवा, काळा निघाला की नवीन बड, मला वीसेक लागले. घाण आत ढकलू नका, बाहेर ओढा. त्याच बैठकीत थ्रॉटलची चकतीही पुसून घ्या. हाताने रेसची वायर ओढून चकती उघडी धरा आणि स्प्रेने ओल्या केलेल्या फडक्याने तिची कड आणि भिंतीवरचं काळं कडं पुसा. दांड्याच्या टोकांवर स्प्रेचा मारा नको. सगळं पंधरावीस मिनिटं मोकळ्या हवेत सुकू द्या, आपल्याकडे मे महिन्यात पाचच मिनिटांत सुकतं म्हणा. हा स्प्रे पेटतो, त्यामुळे जवळ बिडी-सिगारेट नको आणि पत्र्याचं शटर ओढून बंद गॅरेजमध्ये हे करू नका, डोकं गरगरतं.

बसवताना व्हॉल्व्ह हाताने आपोआप पूर्ण टेकला पाहिजे. मध्ये फट राहिली आणि तुम्ही स्क्रूने ओढून ती मिटवायला गेलात तर खुंटी समोर आपटून मोडते. नवीन व्हॉल्व्ह आणलात तर हे जास्त बघा, कारण नव्याची खुंटी कधी कधी जास्त बाहेर आलेली असते, तिची लांबी जुन्याशी लावून बघा. स्क्रू आलटून पालटून थोडे थोडे आवळा, घट्ट म्हणजे मनगटाच्या जोराने, खांद्याच्या नाही, अॅल्युमिनियमचे आटे गेले तर परत खराद्या. कनेक्टर टक् आवाज येईपर्यंत, पाइप, क्लॅम्प, आणि शेवटी बॅटरी.

आता इथे माझी भंबेरी उडाली होती. गाडी चालू केली आणि ती सरळ ठणाणा करायला लागली, अंदाजे दोन हजारच्या वर. मला वाटलं मोडला व्हॉल्व्ह. पटकन बंद केली, परत खोलायला निघालो होतो. मग डोकं शांत करून विचार केला, की बोळ मोकळी झालीय, हवा भरपूर येतेय, आणि खुंटीची खरी जागा कुठे हे ईसीएमला आत्ता माहितीच नाही. त्याला शिकायला वेळ द्यावा लागतो. एसी, लाइट, पंखा सगळं बंद. चावी ऑन करून दहा सेकंद, ऑफ करून दहा सेकंद, असं दोनतीनदा, बऱ्याच गाड्यांत यामुळे खुंटी स्वतःची जागा शोधते, कान लावला तर बारीक टर्रर्र ऐकू येतं. मग रेसला पाय न लावता चालू करा आणि रेडिएटरचा पंखा एकदा लागून बंद होईपर्यंत तशीच उभी ठेवा. नंतर पाचेक मिनिटं एसी लावून उभी. मग पंधरावीस किलोमीटर फिरवून आणा, थांबत थांबत. मी मेहरूण तलावाला दोन चकरा मारून अजिंठा चौफुलीपर्यंत जाऊन आलो, येताना आवाज बसला होता. प्रत्येक कंपनीची शिकवायची पद्धत थोडी वेगळी असते, मॅन्युअल असेल तर त्यातली पाळा.

आणि तो फिरवलेला स्क्रू? तो आधी मूळ जागी आणावा लागतो, नाहीतर साफ करूनही आवाज वरच राहतो. माझ्या नशिबाने स्क्रूवर कंपनीच्या रंगाचा ठिपका होता, तो जुळवून पाव आटा मागे घेतला. ठिपका नसेल तर अंदाजपंचे करू नका, स्कॅनर असलेल्याकडून करून घ्या.

हे झालं साफ करायचं, पण काजळी आली कुठून हे बघितलं नाही तर वर्षभरात परत हेच. इंजिनच्या पोटातली तेलकट वाफ ब्रीदरच्या पाइपने परत हवेच्या रस्त्यात सोडलेली असते, ती थ्रॉटलच्या आसपास चिकटते आणि तिच्यावर धूळ बसते. आपल्याकडे धुळीला काय तोटा. कापसाच्या सीझनला जिनिंगच्या रस्त्याने रोज जाणाऱ्याने आपला फिल्टर उघडून बघा, कापसाच्या बारीक तंतूंची गादी असते त्याच्यावर. माझा फिल्टर एका कोपऱ्यात फाटलेला निघाला, कारण मीच तो पंक्चरवाल्याकडे फुल प्रेशरच्या हवेने मारून आणायचो. कागदी फिल्टर धुवायचा नसतो, फारतर आतून बाहेर हलकी हवा, आणि वेळेवर बदलायचा. पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे ही वाफ हवेच्या रस्त्यात सोडणारी झडप, काढून हलवून बघा, खडखड वाजला तर सहसा ठीक, गप्प असेल तर चिकटलाय. इंजिन ऑइल मापापेक्षा जास्त भरलं असेल तर वाफ आणि तेल जास्त येतं, डीपस्टिक बघा. आणि गाडी नुसती घर ते भाजीबाजार अशी दोन किलोमीटर फिरत असेल तर तिला अधूनमधून लांब पळवा, चाळीसगावहून कन्नड घाट चढवून आणली की तीही खुश आणि घरचेही.

नव्या गाडीवाल्यांसाठी एक गोष्ट. ज्या गाड्यांत रेसला वायर नाही, इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल आहे, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ पेट्रोल गाड्या जवळपास सगळ्याच, त्यात वेगळा स्लोचा व्हॉल्व्ह नसतोच, चकतीच स्वतः थोडी उघडून स्लो सांभाळते. तिथे काजळी चकतीच्या कडेला बसते. ती चकती बोटाने ढकलायची नाही, आतले प्लास्टिकचे गिअर जातात, आणि चावी ऑन असताना बोट घातलं तर बोट जातं. पुसल्यावर बऱ्याच गाड्यांत स्कॅनरने शिकवावं लागतं, म्हणून ते काम स्कॅनर असलेल्याकडेच द्या. डिझेलवाल्यांचा त्रास बहुतेक ईजीआर व्हॉल्व्हचा, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या झडपेचा असतो, त्यातली काजळी कोरडी आणि खंडीभर, मास्क लावून खोला आणि बसवताना गॅस्केट नवीच. पत्री लावून ईजीआर बंद करून देतो म्हणणारे भेटतील, त्यांना नको म्हणा, धूर वाढतो, डॅशबोर्डवर इंजिनचा लाइट लागतो आणि पीयूसीला अडकता.

साफ करूनही दोनतीन दिवसांत तेच रडगाणं असेल तर मोटरच गेलेली असू शकते. बऱ्याच गाड्यांत चावी ऑन-ऑफ करताना व्हॉल्व्हवर बोट ठेवलं की बारीक थरथर जाणवते. अजिबात नाही जाणवली तर आधी कनेक्टरच्या पिना बघा, हिरवट झाल्या असतील तर साफ करून परत लावा, आणि तरीही मुका असेल तर नवीन घ्या. जुना सोबत घेऊन जा दुकानात, दिसायला सारखे आणि खुंटीची लांबी वेगळी असे दोन मी स्वतः काउंटरवर शेजारी ठेवून पाहिलेत.